अबीगईलचे शहाणपण

शास्त्रपाठ : १ शमुवेल २५ : २-३८



मोठ्या संकटात मनुष्य सावध असतो. घरात दुखणे आले, नोकरी गेली, मृत्यू उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, म्हणजे आपण गुडघे टेकतो, पाळकांना निरोप धाडतो, विश्वासणाऱ्यांना प्रार्थनेसाठी घरी बोलावतो. पण कोणी चारचौघांत टोचून बोलले, पंच कमिटीच्या सभेत आपले म्हणणे हसण्यावारी नेले, लग्नाची पत्रिका आपल्याच घरी यायची राहिली, तर त्यासाठी कोण गुडघे टेकतो? तेथे जीभ सरळ कामाला लागते. पुष्कळ घरे, पुष्कळ मैत्र्या आणि पुष्कळ मंडळ्या मोठ्या वादळांनी मोडलेल्या नाहीत. अशा लहान अपमानांनी मोडल्या आहेत.

आजचा शास्त्रपाठ नेमका याविषयी आहे. दावीद त्या वेळी अजून राजा झालेला नव्हता. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता आणि तो आपल्या माणसांसह रानोमाळ फिरत होता. आधीच्या म्हणजे चोविसाव्या अध्यायात एन-गेदीच्या गुहेत शौल त्याच्या हाती आयता सापडला. माणसे कानाशी लागली की हाच तो दिवस, संधी दवडू नकोस. दावीदाने शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. पुढे सव्विसाव्या अध्यायात शौल छावणीत झोपलेला असताना दावीद त्याच्या उशाजवळचा भाला आणि पाण्याचे भांडे घेऊन परत फिरला. त्याच्या अंगाला त्याने हात लावला नाही.

या दोन थोर प्रसंगांच्या मधोमध आपला अध्याय आहे. मावोन गावी नाबाल नावाचा एक गबर माणूस होता. तीन हजार मेंढरे, एक हजार शेरडे. कर्मेलात त्याची लोकर कातरणी चालू होती, म्हणजे सुगीचा, आनंदाचा दिवस. दावीदाच्या माणसांनी रानात त्याच्या मेंढपाळांची राखण केलेली होती, म्हणून दावीदाने दहा तरुण पाठवून आदराने काही अन्न मागितले. नाबालाने अन्न तर दिले नाहीच, वर दावीद कोण लागून गेला, हल्ली धन्यापासून पळालेले नोकर पुष्कळ झाले आहेत, अशा अर्थाचे उत्तर दिले. ते ऐकताच दावीदाने तलवार कंबरेस बांधली, चारशे माणसे बरोबर घेतली, आणि नाबालाच्या घरचा एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवायचा नाही अशी शपथ वाहिली.

ज्याने जीव घेऊ पाहणाऱ्या राजाला सोडले, तो उर्मट बोलणाऱ्या एका मेंढरांच्या धन्याला सोडावयास तयार नव्हता. असे का झाले? शौलापुढे दावीद सावध होता, कारण ती परीक्षा आहे हे त्याला दिसत होते. नाबालापुढे तो सावध नव्हता, कारण ती परीक्षा आहे असे त्याला वाटलेच नाही. आपली बहुतेक पडझड याच ठिकाणी होते.

अलीकडच्या काळात मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या विषयाला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ असे नाव दिले आहे. पीटर सॅलोवे व जॉन मेयर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोहोचविली. त्यांच्या म्हणण्याचे सार असे की, हुशारी केवळ गणितात किंवा पाठांतरात नसते. आपली आणि दुसऱ्याची भावना ओळखणे, ती कशामुळे उठली हे समजणे, तिला विचाराच्या कामी लावणे आणि तिला आवर घालणे, ही देखील बुद्धीच आहे. ती शिकता येते आणि वाढविता येते. शास्त्राच्या वाचकांना यात फारसे नवल वाटू नये. अबीगईलची ओळख करून देताना शास्त्र तिच्या रूपाचा उल्लेख करते, पण त्याआधी तिच्या बुद्धीचा करते. तिच्या त्या बुद्धीने एका दिवसात एक घर रक्तपातापासून वाचविले, आणि देवाच्या अभिषिक्तालाही. त्या बुद्धीच्या तीन गोष्टी आज आपण पाहू.

पहिली गोष्ट : आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे

दावीदाने अपमान ऐकला आणि तलवार बांधली. या दोहोंच्या मध्ये काहीच घडले नाही. तेथे एक प्रश्न हवा होता. देवाने काइनाला असाच प्रश्न विचारला होता. हाबेल कोठे आहे, हा प्रश्न खुनानंतरचा आहे. त्याच्याही आधी, हात उगारला जाण्यापूर्वी, देवाने त्याला विचारले होते की तू का संतापलास, तुझे तोंड का उतरले (उत्पत्ती ४ : ६-७). सर्वज्ञ देवाला कारण ठाऊक नव्हते असे नाही. काइनाने आपल्या मनाकडे पाहावे, म्हणून तो प्रश्न होता. काइनाने उत्तर दिल्याची नोंद शास्त्रात नाही. तो उठला आणि शेतात गेला.

याउलट नहेम्या पाहा. यरुशलेमेतले गरीब लोक आपली शेते गहाण पडल्याची आणि लेकरे दास झाल्याची हाक घेऊन त्याच्याकडे आले. त्याला फार राग आला, आणि तो राग न्यायाचा होता. तरी त्याने आधी आपल्या मनाशी विचार केला, आणि मग सरदारांना व अधिकाऱ्यांना समोर बोलावून जाब विचारला (नहेम्या ५ : ६-७). गरिबांची शेते परत मिळाली. राग काइनालाही आला आणि नहेम्यालाही आला. एकाच्या रागाने भावाचे रक्त सांडले, दुसऱ्याच्या रागाने भावांचे शेत सुटले. मधला फरक एवढाच की नहेम्या मनाशी बोलला.

आम्हां उज्जैनकरांना या गोष्टीचा एक चांगला दृष्टांत आपल्या गावातच आहे. क्षिप्रेच्या बाजूस जी जुनी वेधशाळा आहे, ती जयपूरचे महाराजा सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविली. पुढे १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे हे विद्वान मराठी ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथे सम्राट यंत्र म्हणून एक उतरत्या भिंतीचे दगडी यंत्र आहे. भिंतीची सावली बाजूच्या कमानीवर कोरलेल्या तास-मिनिटांच्या खुणांवर पडते आणि वेळ दाखविते. शाळेच्या सहली ते पाहावयास येतात, आणि मुले लगेच मनगटावरचे घड्याळ काढून म्हणतात, “हे तर चुकले!”

यंत्र चुकलेले नसते. सावली खोटे बोलत नाही. सूर्य उज्जैनच्या माथ्यावर कोठे आहे, ते ती अगदी बरोबर सांगते. पण ती उज्जैनची वेळ आहे, साऱ्या देशाची नव्हे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरलेली आहे, आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास आहे. म्हणून सावलीच्या वेळेत काही मिनिटे मिळवावी लागतात. ही मिनिटे रोज सारखी नसतात. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे ती बदलतात. नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे दहा-अकरा मिनिटे मिळवावी लागतात, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे एक्केचाळीस. हा फरक न मिळविता कोणी सावली पाहून स्टेशनाकडे निघाला, तर सावली खरी असूनही त्याची गाडी चुकेल.

आपल्या भावनांचे असेच आहे. भावना ही पापही नव्हे आणि खोटीही नव्हे. आपल्याला राग आला, वाईट वाटले, भीती वाटली, म्हणजे काहीतरी घडले आहे हे ती खरेच सांगते. तिला दडपून टाका, असे शास्त्र कोठेही शिकवीत नाही. स्तोत्रसंहितेत रडणे आहे, तक्रार आहे, थरकाप आहे. परंतु भावना आपल्या गावची वेळ सांगते. ती आपल्या जागेवरून पाहते. तिच्यावर विसंबून पाऊल उचलण्याआधी फरक मिळवावा लागतो. आपण उपाशी आहोत काय, रात्रभर जागलो आहोत काय, जुन्या जखमेवर तर हा शब्द पडला नाही ना, समोरच्याची बाजू आपल्याला किती ठाऊक आहे? आणि हा फरकही रोज सारखा नसतो. कर्मेल डोंगरावर थोर विजय मिळविलेला एलीया त्यानंतर लवकरच रानात झाडाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोप दिली (१ राजे १९ : ४-८). विचारपूस पुष्कळ नंतर झाली. थकल्या जिवाची मिळवणी मोठी असते, हे देव जाणतो. आपणही ते आपल्याविषयी आणि आपल्या माणसांविषयी जाणले पाहिजे.

दुसरी गोष्ट : दुसऱ्याचे ऐकून घेणे

नाबालाच्या घरात संकट येत असल्याचे प्रथम कोणाला कळले? एका चाकराला. तो ते सांगावयास कोणाकडे गेला? धन्याकडे नाही. अबीगईलकडे. त्याने कारणही सांगितले आहे. धनी असा आहे की त्याच्याशी कोणाला बोलताच येत नाही (वचन १७). बंधूंनो, हे वाक्य वाचून आपण थोडे थांबले पाहिजे. नाबालाजवळ मेंढरे होती, शेते होती, मेजवानी होती, पण त्याच्या घरात त्याला खरे सांगणारे कोणी उरले नव्हते. घरावर चारशे तलवारी चालून येत होत्या, आणि ती बातमी सगळ्यांत शेवटी ज्याला कळली तो घरधनी होता.

आपल्याविषयी आपली माणसे काय म्हणतात? परीक्षेत कमी गुण पडले, तर मुलगा ते प्रथम आपल्याला सांगतो, की आपल्यापासून लपवून आईला किंवा मित्राला सांगतो? हाताखालचा कारकून चूक झाली तर लगेच टेबलाशी येतो, की फाईल खाली सारतो? दवाखान्यात शिकाऊ परिचारिका शंका विचारते, की रागाच्या भीतीने अंदाजाने औषध देते? पाळकाशी, सेक्रेटरीशी, रविवार शाळेच्या मुख्याध्यापकाशी मंडळीतली गरीब विधवा मोकळेपणी बोलू शकते काय? ज्याच्याशी कोणाला बोलता येत नाही त्याला सर्वजण मान देतात असे दिसते. खरे म्हणजे ते त्याला एकटा सोडतात.

अबीगईलने चाकराचे ऐकले, आणि ऐकून उठली. तिने जे बरोबर घेतले त्याची यादीच शास्त्राने दिली आहे. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे तयार मांस, पाच मापे हुरडा, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. चालून येणाऱ्या माणसांच्या हातात तलवारी होत्या, पण पोटात भूक होती, हे तिने ओळखले. तिने आपले शब्द भाकरीच्या मागून नेले. उपाशी माणसाला उपदेश करू नये, हे आपल्याकडील प्रत्येक आईला कळते. मोठ्या सभांतून ते आपण विसरतो.

दावीदापुढे तिने काय केले, तेही पाहा. तुला राग येण्यासारखे काही झालेच नाही, असे ती म्हणाली नाही. जिच्यावर काही दोष नव्हता त्या बाईने दोष आपल्याकडे घेतला, नवऱ्याचे वागणे मूर्खपणाचे आहे हे मान्य केले, आणि मग दावीदाची दृष्टी त्या दुपारवरून उचलून पुढच्या दिवसांकडे नेली. परमेश्वर तुला राज्य देईल, त्या दिवशी या रक्ताची बोच तुझ्या मनाला नको, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. रागावलेल्या माणसाला फक्त आजचा दिवस दिसतो. त्याच्यावर प्रीती करणारा माणूस त्याला उद्याचा दिवस दाखवितो. दावीदाने देवाचे आभार मानले, तिच्या विवेकाला धन्य म्हटले, आणि तलवार म्यानात गेली.

आमच्या या गावात अशा बुद्धीची नित्य गरज पडते. २०१६ च्या सिंहस्थात, एप्रिल-मेच्या कडक उन्हात, महिनाभर जे पोलीस, रेल्वेचे लोक, सफाई कामगार व दवाखान्यांतले कर्मचारी राबले, त्यांनी किती संतप्त चेहरे पाहिले असतील! २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून तर गर्दी बारमाही झाली आहे, आणि २०२८ चे सिंहस्थ पुढे उभे आहे. आपल्या मंडळीतली माणसे शाळांत शिकवितात, रुग्णांची सेवा करतात, दुकाने चालवितात, कचेऱ्यांत बसतात. खिडकीपलीकडचा ओरडणारा माणूस कोठून आला आहे, रात्री कोठे झोपला आहे, त्याचे मूल गर्दीत हरवले आहे काय, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याला आधी एक पेला पाणी देणारा ख्रिस्ती मनुष्य, काही न बोलता, एक संदेश देऊन जातो.

तिसरी गोष्ट : वेळ ओळखणे

अबीगईल घरी परतली तेव्हा नाबाल राजासारखी मेजवानी करीत होता आणि दारूने धुंद झाला होता. त्याच्या मूर्खपणापायी घरादारावर कोणते मरण आले होते, हे सांगण्याची तिला किती ऊर्मी आली असेल! पण सकाळ उजाडेपर्यंत तिने त्याला काहीएक सांगितले नाही (वचन ३६). सकाळी तो शुद्धीवर आल्यावर तिने सर्व सांगितले.

यात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या. पहिली, ती थांबली. दुसरी, तिने सांगितले. आपल्यापैकी काही जण थांबत नाहीत. ते रात्रीच भांडतात, आणि हल्ली तर रात्री अकरा वाजता मोबाइलवर लिहून सगळ्या मंडळीच्या गटावर पाठवितात, मग सकाळी ते पुसता येत नाही. दुसरे काही जण थांबतात आणि मग कधीच सांगत नाहीत. त्यांना वाटते की गप्प बसणे म्हणजेच क्षमा. ते शब्द आतल्या आत आंबत राहतात. अबीगईलचे शहाणपण या दोन्हींहून निराळे आहे. तिने सत्य एक रात्र थांबविले, पण गाडले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे जरुरीचे आहे. घरी मार खाऊन गप्प राहणे, दारुड्या नवऱ्याची भीती लेकरांच्या माथी लादणे, याला शास्त्र शहाणपण म्हणत नाही. घर वाचविण्यासाठी अबीगईल नाबालाला न विचारता घराबाहेर पडली, आणि जेथे मदत होती तेथे गेली. ज्या बहिणीच्या घरी असा प्रसंग असेल तिने उठावे, सांगावे, मदत मागावी. आणि मंडळीने तिला सहनशीलतेचा धडा न देता तिच्या मागे उभे राहावे.

थांबणे म्हणजे कोरडे होणेही नव्हे. योसेफाला आपला धाकटा भाऊ बन्यामीन दिसला तेव्हा त्याला भडभडून आले. तो आतल्या खोलीत गेला, रडला, तोंड धुतले, बाहेर आला आणि मग जेवण वाढावयास सांगितले (उत्पत्ती ४३ : ३०-३१). रडण्याला त्याने जागा दिली आणि कामालाही जागा दिली. ज्याच्या घरात अशी आतली खोली आहे, म्हणजे ज्याला एकांतात देवापुढे रडता येते, त्याला बाहेर येऊन शांतपणे वाढता येते. ती खोली नसली की ताटाशीच स्फोट होतो.

ही बुद्धी कोणाच्या हाती आहे?

आता एक इशारा. दुसऱ्याचे मन ओळखता येणे ही देणगी आहे, पण ती पवित्रता नव्हे. दावीदाच्याच घरात योनादाब नावाचा एक धूर्त तरुण होता. राजपुत्र अम्नोन दिवसेंदिवस का उतरत चालला आहे, हे त्याने बरोबर हेरले आणि आपुलकीने विचारपूसही केली. पुढे त्याने जो सल्ला दिला त्याने तामारेचे आयुष्य उद्ध्वस्त झाले (२ शमुवेल १३). योनादाबाजवळ भावना ओळखण्याची बुद्धी होती, प्रीती नव्हती. आजही गोड बोलून माल विकणारे, अश्रू पाहून मत मागणारे, हळव्या माणसाला बोटावर नाचविणारे या बुद्धीत कमी नसतात. म्हणून पौल गलतीकरांस लिहिताना आत्म्याच्या फळाची यादी प्रीतीपासून सुरू करतो आणि इंद्रियदमनावर संपवितो (गलती ५ : २२-२३). प्रीती नसलेले इंद्रियदमन थंड डोक्याची कपटनीती होऊ शकते. आत्म्याचे फळ एकच आहे. त्यातला एक तुकडा तोडून घेता येत नाही.

प्रीतीने आठवण कशी शुद्ध होते, याचे एक उदाहरण आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात आहे. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा तापट स्वभाव लक्ष्मीबाईंनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात झाकून ठेवलेला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचा राग आहे, लक्ष्मीबाईंचा हट्ट आहे, दोघांचे अश्रू आहेत, पण विष कोठे नाही. स्वतःवर हसण्याची त्यांची तयारी पानोपानी दिसते. त्यांनी काही लपविले नाही, आणि कोणाला फासावरही चढविले नाही. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ काव्यही त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले. ज्या माणसाने इतके सोसावयास लावले, त्याचे अपुरे काम हाती घेऊन पुरे करणे, यापेक्षा मोठा समेट कोणता?

रविवार शाळेच्या शिक्षकांना दोन शब्द

आपल्याकडे येणारे मूल आठवड्यातून एक तास आपल्यापुढे बसते. त्याला अबीगईलची गोष्ट सांगाच, पण त्याबरोबर त्याला शब्दही द्या. आमच्या भागातल्या मराठी घरांतली मुले घरी मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी आणि गल्लीत माळवी ऐकतात, आणि मनातल्या प्रत्येक गोष्टीला ‘टेन्शन’ किंवा ‘गुस्सा’ एवढेच म्हणतात. आपल्या मराठीत राग निराळा, रुसवा निराळा, चीड निराळी, वैताग निराळा. हेवा, खंत, हुरहुर, संकोच, धास्ती, ओशाळेपण, हे सगळे वेगळे. ज्या मुलाला ‘मला राग आला नाही, मला वगळले म्हणून वाईट वाटले’ असे म्हणता येते, ते मूल निम्मी लढाई जिंकते. फळ्यावर हे शब्द लिहा, आणि काइन, योसेफ, योना, मार्था, पेत्र यांच्या मनात त्या क्षणी यांपैकी काय होते ते मुलांना ओळखू द्या.

आणि वर्गात एखादे मूल उलट बोलले, तर सर्वांदेखत त्याचा पाणउतारा करू नये. वर्ग सुटल्यावर त्याला जवळ बसवून, ‘आज काय झाले, बाळ?’ एवढे विचारावे. देवाने काइनाला हेच विचारले होते. काइनाने उत्तर दिले नाही. आपल्यापुढचे मूल देईल अशी आशा धरावी, आणि ते बोलू लागले की मध्ये बोलू नये.

प्रभूकडे पाहू या

या सर्व गोष्टी आपल्या प्रभू येशू ख्रिस्तामध्ये पूर्णत्वाने दिसतात. वाळलेल्या हाताच्या माणसाला पाहूनही ज्यांची मने द्रवली नाहीत, त्यांच्याकडे त्याने रागाने पाहिले, आणि त्याच क्षणी त्याला त्यांच्याविषयी दुःखही झाले (मार्क ३ : ५). राग आणि दुःख एकत्र असले म्हणजे हात मारावयास उठत नाही. त्या रागातून त्याने तो हात बरा केला. गेथशेमानेत त्याने आपली व्यथा लपविली नाही. तीन मित्रांना ती उघड सांगितली, आणि मग पित्यापुढे पालथा पडला. आणि ज्या पेत्राने कोळशाच्या विस्तवापाशी त्याला तीनदा नाकारले, त्याला पुनरुत्थित प्रभू पुन्हा कोळशाच्या विस्तवापाशीच भेटला. आधी त्याने भाकर व मासळी दिली. न्याहारी झाल्यावर तीनदा एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न प्रीतीचा होता (योहान २१). त्याने पेत्राची चूक पुसली नाही, आणि पेत्रालाही पुसून टाकले नाही.

प्रियजनहो, आपल्या मंडळ्यांत अशी घरे आहेत की जी एकाच उपासनेस येतात, एकाच प्रभुभोजनाच्या मेजाशी गुडघे टेकतात, आणि दाराबाहेर एकमेकांना सलाम करीत नाहीत. मूळ कारण काय होते, हे मुलांना ठाऊकही नाही. त्यांना फक्त एवढे शिकविलेले आहे की त्या घरी जायचे नाही. हा वारसा आपण देणार आहोत काय? प्रभूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावयास जावे (मत्तय ५ : २३-२४). लक्षात घ्या, आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे असे प्रभू म्हणत नाही. त्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे म्हणतो. म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार करणे हा आपल्या उपासनेचाच भाग आहे. ते पाहिल्याशिवाय अर्पण पुढे सरकत नाही.

म्हणून या महिन्यात आपण एक गोष्ट करू या. ज्याचे नाव ऐकताच आपला आवाज बदलतो, असे एक नाव देवापुढे घेऊ या. आपल्याला नेमके काय वाटते ते त्याला खरे सांगू या. त्या माणसाची बाजू कोणी सांगत असेल तर मध्ये न तोडता ऐकू या. मग योग्य सकाळ पाहून, रिकाम्या हातांनी नव्हे, काही घरचे खाणे घेऊन, त्या दारी जाऊ या. दार उघडेल की नाही, हे आपल्या हाती नाही. जाणे आपल्या हाती आहे.

हे प्रेमळ पित्या, आमच्या मनात काय चालले आहे ते तू जाणतोस. हात उगारण्याआधी तू आम्हांला प्रश्न विचार, आणि उत्तर देण्याइतके धैर्य आम्हांला दे. ज्यांच्याशी कोणाला बोलता येत नाही असे आम्हांला होऊ देऊ नकोस. आमच्या जिभेला सकाळपर्यंत थांबावयास शिकव, आणि सकाळी सत्य प्रीतीने बोलावयास शिकव. आमचा तारणारा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.